सुईत दोरा ओवता येतो का?

एका भरलेल्या फॉर्ममागं मला साठ रुपये मिळायचे. फॉर्म टॅबवर भरायचा. घरात माणसं किती, चूल कशावर पेटते, संडास आहे का, मोबाईल किती, दुचाकी आहे का, असे सत्तरेक प्रश्न संपले की शेवटी स्क्रीनवर एक शिडी यायची. शून्यापासून दहापर्यंत आकडे टाकलेल्या पायऱ्या. आम्ही वाचून दाखवायचो: समजा, सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य आणि सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात वाईट. तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात?

ही फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. एमएस्सी झाली होती, स्पर्धा परीक्षेचा दुसरा प्रयत्न वाया गेला होता, आणि घरून पैसे मागायची लाज वाटत होती. म्हणून एका एजन्सीसाठी दौंड तालुक्यात हे काम धरलं. गावांच्या यादीत माझंच गाव निघालं, कासुर्डी. पुण्याहून सोलापूरकडं निघालात की यवतच्या अलीकडं लागतं. टोलनाका चालू होता तेव्हा आमच्या गावाचं नाव रोज हजारो लोकांच्या हातात असायचं, पण टोलच्या पावतीवर.

गावातल्या निवडलेल्या घरांत आमचंही घर होतं. स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही असा नियम असल्यामुळं माझ्याबरोबर काम करणाऱ्या केडगावच्या मुलीनं तो भरला. मी दारात उभा होतो. आई गोठ्यातून हात धुऊन आली, पदर सावरून बसली आणि शाळेतल्या मुलीसारखी भराभरा उत्तरं देऊ लागली. "तुमची तब्येत कशी आहे, मावशी?" "चांगली हाय की." मग शिडी आली. आईनं चित्राकडं बघितल्यासारखं केलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आठ लिव, पोरी. नायतर नऊ लिव. काय कमी हाय आपल्याला?"

पोरीनं आठ दाबलं.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. जगाच्या आनंद अहवालात भारताची सरासरी चार-साडेचारच्या आसपास असते. पहिल्या नंबरच्या फिनलंडची पावणेआठच्या जवळ. म्हणजे वडील गेल्यानंतर दीड एकर ऊस आणि दोन गाई एकटीनं सांभाळणारी माझी आई फिनलंडच्या पुढं होती.

मे महिन्यात कळलं की तिला उजव्या डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. आणि हे वर्षभर चाललं होतं.

हा लेख त्या आठच्या विरोधात आहे.

शिडी कुठून आली

ही शिडी हॅडली कँट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. १९६५ साली त्याचं पुस्तक आलं. त्यासाठी त्यानं वेगवेगळ्या देशांत माणसांना हा प्रश्न विचारला होता, आणि त्यात भारतही होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भारताची सरासरी आली होती ३.७. पुढं गॅलप या संस्थेनं जगभरच्या आपल्या पाहणीत हीच शिडी घेतली. २०१२ पासून 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' तिच्यावरच देशांचे नंबर लावतो. दर मार्चमध्ये तुमच्या फोनवर जी बातमी येते, भारत पाकिस्तानच्याही खाली, नेपाळच्याही खाली, ती या एका प्रश्नाच्या उत्तराची तीन वर्षांची सरासरी असते. बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजार माणसांना विचारून ती काढतात.

२०२४ च्या अहवालात आपण १४३ देशांत १२६ वे होतो, २०२५ मध्ये १४७ देशांत ११८ वे. एका वर्षात आठ नंबर वर. त्या वर्षात तुमच्या घरात काय सुधारलं, आठवून बघा.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. १९६० च्या सुरुवातीला ३.७. २०२४ च्या अहवालात ४.०५. मधल्या साठ वर्षांत भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान पंचेचाळीसच्या आसपास होतं ते सत्तरच्या पुढं गेलं. देवी गेली, पोलिओ गेला. बाळंतपणात बाई दगावणं आणि पाळण्यात पोर दगावणं ही घरोघरची गोष्ट होती, ती आता बातमी झाली. आणि शिडीवर आपण सरकलो पाव-अर्धी पायरी.

यावर एक उत्तर तयार असतं: बघा, प्रगतीनं सुख मिळत नाही. मला दुसरं उत्तर जास्त पटतं. शिडीच लांबत गेली. सगळ्यात वरची पायरी म्हणजे 'तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य'. माझ्या आज्यासाठी ते म्हणजे बारमाही विहीर आणि सावकाराचं कोरं झालेलं खातं. माझ्या चुलतभावासाठी ते म्हणजे रोज रात्री रीलमध्ये दिसणारी दुबई. दोघांनीही चार सांगितलं तर ते दोन वेगवेगळ्या शिड्यांवरचे चार असतील. ज्या फूटपट्टीची लांबी मोजणाऱ्यागणिक बदलते, तिनं कापडसुद्धा कुणी मोजून घेणार नाही. आपण देश मोजतो.

आणि शिडीच का? २०२४ साली काही संशोधकांनी ब्रिटनमधल्या लोकांना विचारलं की हा प्रश्न ऐकल्यावर तुमच्या मनात काय येतं. पैसा आणि सत्ता, असं पुष्कळांचं उत्तर आलं. शिडीचं चित्र काढून टाकलं तर हे विचार कमी झाले. मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडं शिडी माळ्यावर चढायला असते आणि कोण वर, कोण खाली हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. चित्र बघून एक म्हातारे नाना मला म्हणाले होते, "वरच्या पायरीवर पाटील अस्तोय. आपलं काय, आपण शिडी धरणारं."

टॅबमध्ये त्यासाठी बटण नव्हतं. मी चार दाबलं.

उत्तर कुणाला दिलं जातं

हे काम करून मी एक गोष्ट शिकलो. माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, विचारणाऱ्याला देतो.

मराठी फॉर्मवर लिहिलं होतं 'जीवनाबद्दल समाधान'. आता समाधान हा आपल्याकडं सद्गुण आहे. ते दाखवायचं असतं. सुख म्हणजे वेगळं, ते नशिबात असावं लागतं, आणि असलं तर बोलून दाखवायचं नसतं, दृष्ट लागते. आनंद म्हणजे लग्नात, जत्रेत, पोराला नोकरी लागल्यावर होतो तो. या तीन शब्दांचे तीन वेगळे कायदे आहेत, आणि टॅबला वाटतं ते एकच. "कसं चाललंय?" याला "बरं चाललंय" हेच उत्तर आपल्या तोंडात असतं. मयताच्या दहाव्यालाही माणूस म्हणतो, "बरं हाय." रामदासांनी मनाच्या श्लोकांत पूर्ण सुखी कोण हा प्रश्न विचारून ठेवलाय, पण निदान त्याखाली चौकटी छापल्या नव्हत्या.

मग घरातली माणसं. सासू ओट्यावर बसलेली असताना सुनेला विचारायचं, तुम्ही आयुष्यात समाधानी आहात का? एकांतात विचारा, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. ट्रेनिंग देणाऱ्यानं बहुधा गावातलं घर पाहिलेलं नव्हतं. सुना सात सांगायच्या. पाच सांगितलं तर सासूला लागतं, दहा सांगितलं तर नवऱ्याचं डोकं फिरतं. सात बरा.

त्यात लाडक्या बहिणीची पडताळणी होणार अशी चर्चा तेव्हा जोरात होती. टॅब बघितला की पहिला प्रश्न, "नाव कट होणार का?" एका काकींनी आधी नऊ सांगितलं, मग शेजारणीनं कानात काही सांगितल्यावर म्हणाल्या, "दोन लिही बाबा, गरीब हाय आम्ही." सात पायऱ्यांचा फरक दोन मिनिटांत. मी दोन लिहिलं. तिकडं दिल्लीत कुणीतरी या दोनाचा संबंध शिक्षणाशी, जातीशी, वयाशी जोडून आलेख काढला असेल.

हे खेड्यातल्या लोकांचं अडाणीपण आहे असं वाटत असेल तर गाडी सर्व्हिसिंगला टाकून या. चावी हातात देताना पोरगा काय म्हणतो? "सर, कंपनीचा फोन येईल, दहा द्या हां. नऊ दिले तरी आमचा कट होतो." तुम्ही दहा देता. तुम्ही सर्व्हिसिंग मोजलेलं नसतं, त्या पोराचा पगार वाचवलेला असतो. चांगलं काम केलं तुम्ही. पण त्या दहाचा गाडीशी काही संबंध नाही. जेवण आणून देणाऱ्याला पाच तारे देतानाही आपण हेच करतो.

आणि अमेरिकेतही हेच होतं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अँगस डीटन गॅलपची तिथली रोजची पाहणी तपासत होते. शिडीच्या आधी राजकारणाचा प्रश्न विचारला तर लोक शिडीवर स्वतःला बरंच खाली ठेवतात, आणि तो प्रश्न काढला की पुन्हा वर जातात, असं त्यांना दिसलं. आयुष्य तेच, माणसंही तशीच. फक्त प्रश्नांचा क्रम बदलला. आमच्या फॉर्ममध्ये शिडीच्या आधी कर्जाचा प्रश्न होता. तो जर लग्नाच्या अल्बमचा असता तर दौंड तालुका एका रात्रीत सुखी झाला असता.

सिंगूरच्या विधवा आणि माझी आई

अमर्त्य सेन यांनी एक जुनी पाहणी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. १९४४ साल, बंगालच्या दुष्काळानंतरचं वर्ष. कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये अखिल भारतीय आरोग्य संस्थेनं लोकांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. बायको गेलेल्या पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. नवरा गेलेल्या बायकांपैकी असं म्हणणाऱ्या होत्या २.५ टक्के.

बंगालमधली विधवा, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी. घरात सगळ्यात शेवटी जेवणारी. आणि तिची तब्येत सगळ्यात चांगली.

सेन यांचंच दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. स्वतःला आजारी म्हणवणाऱ्यांचं प्रमाण केरळात भरपूर आणि बिहारमध्ये कमी. प्रत्यक्षात जास्त वर्षं जगतो तो केरळचा माणूस. कारण तिथं दवाखाना जवळ आहे, माणूस शिकलेला आहे, आणि गुडघा दुखणं हे नशीब नसून आजार आहे हे त्याला माहीत आहे. ज्याला उपचार मिळू शकतो तोच तक्रार करतो. ज्याला मिळणार नाही तो दुखण्याला वय म्हणतो.

हे मी कॉलेजात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर टीप लिहून मार्कही घेतले होते. आणि माझ्याच घराच्या दारात उभा राहून मला ते दिसलं नाही.

मे महिन्यात आमच्याकडं बाया गोधड्या शिवायला घेतात. जुनी लुगडी, धोतरं अंगणात पसरायची आणि उन्हं कलली की टाके घालत बसायचं. मी सुट्टीला घरी होतो. शेजारची सहावीतली पोरगी रोज संध्याकाळी यायची, आईच्या शेजारी बसायची, दहा-बारा सुयांत दोरे ओवून त्या उशीला टोचून ठेवायची आणि खेळायला पळायची. मी सहज विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "काकूंना दिसत नाय ना. मागच्या उन्हाळ्यात पण मीच ओवून देत होते."

मागच्या उन्हाळ्यात.

डोळ्यांच्या डॉक्टरनं आईला पायऱ्या विचारल्या नाहीत. हात वर केला आणि विचारलं, किती बोटं? उजवा मोतीबिंदू पिकून गेला होता, डावा सुरू झाला होता. ऑपरेशन वीस मिनिटांचं. आपल्या देशात ते शिबिरातही होतं, सरकारी दवाखान्यातही होतं. कुणीतरी ते विचारायला हवं होतं, एवढंच.

घरी आल्यावर मी चिडून म्हणालो, "आई, तू त्या मुलीला तब्येत चांगली आहे म्हणून का सांगितलंस? आठ का सांगितलंस?" ती म्हणाली, "तू दारात उभा व्हतास. तुझं आधीच परीक्षेचं टेन्शन. आन ती पोरगी उन्हातनं आलेली, तिला काय आपलं रडगाणं सांगायचं?"

म्हणजे त्या आठमध्ये माझी परीक्षा होती, आल्यागेल्याचा मान होता, घराची अब्रू होती आणि वडील गेल्यानंतर कुणापुढं हात पसरायचा नाही ही जिद्द होती. आईच्या डोळ्याला त्यात जागा नव्हती.

कुणाच्या सोयीचा प्रश्न

आता माझा खरा आक्षेप. आकडा चुकीचा येतो, हे तर आहेच. चुका सगळ्याच मोजमापांत होतात. पण हा प्रश्न इतका लाडका का आहे? कारण उत्तर काहीही आलं तरी विचारणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही.

आकडा मोठा आला तर म्हणायचं, बघा, गरीब असूनही माणसं किती समाधानी. नाहीतर आपण शहरातले, एवढं असून रडतो. मग त्यावर एक रील. आकडा लहान आला तर म्हणायचं, लोकांची मानसिकता बदलायला हवी, ध्यान करा, कृतज्ञतेची वही लिहा. दोन्हीकडं काम लागतं ते उत्तर देणाऱ्याला. मध्य प्रदेशनं २०१६ साली आनंद विभागच काढला. सरकारकडं पाणी, रस्ते, आरोग्य अशी खाती असताना आनंदाचं वेगळं खातं लागावं, यातच काय ते आलं.

आमच्या भागातलं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या 'ईझ ऑफ लिव्हिंग' यादीत १११ शहरांत पुण्याचा पहिला नंबर आला. पुढच्या वेळी, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या यादीत, दहा लाखांवरच्या शहरांत दुसरा. त्या खेपेला नागरिकांना काय वाटतं याला ३० टक्के वजन होतं. पुणेकरांचं जगणं सोपं आहे, चांगलं आहे. पण ते सोपं असण्यासाठी जे नळातून आत येतं ते गटारातून बाहेरही जातं. आणि मुळा-मुठा पुण्यात संपत नाही. ती हवेली ओलांडून दौंड तालुक्यात येते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं वापरलेलं पाणी बेबी कालव्यात सोडलं जातं, ते आमच्या पट्ट्यातल्या शेतीसाठी. त्या पाण्यावरचा फेस बघायला यादी करणारं कुणी कालव्याच्या कडेनं आलं नाही. यादी शहराची होती, शहराच्या हद्दीपर्यंत होती. सुखाचा नंबर एका गावाला आणि त्याचं सांडपाणी दुसऱ्या गावाला.

कोण यादीत नाही, हा प्रश्न तर कधीच कुणी विचारत नाही. फेब्रुवारी म्हणजे उसाचा हंगाम. गावाबाहेर मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात. पहाटे उठून थंडीत मोळ्या बांधणाऱ्या बाया, उघड्यावर अंघोळ, पाचटात झोपलेली पोरं. यवतच्या आसपासच्या गुऱ्हाळांवर कढईपुढं उभे राहणारे परराज्यातले मजूर. यांच्यापैकी एकाचंही नाव आमच्या टॅबमध्ये नव्हतं, कारण ते 'गावातलं कुटुंब' नव्हते. मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "ते सॅम्पलमध्ये येत नाहीत." भूतानचं सगळे कौतुक करतात, सकल राष्ट्रीय आनंद मोजणारा देश म्हणून. त्याच देशातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास एक लाख नेपाळी भाषिकांना बाहेर पडावं लागलं. ते नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले. देशाचा आनंद मोजला गेला तेव्हा तेही सॅम्पलमध्ये नव्हते.

मोजणाऱ्यांची बाजू

त्यांची बाजू अगदीच फालतू नाही, आणि ती लपवून मला जिंकायचं नाही.

ते म्हणतात, जीडीपीवर तरी किती दिवस विसंबायचं? खरं आहे. महामार्ग रुंद झाला की जीडीपी वाढतो आणि त्याच महामार्गावर अपघात होऊन दवाखान्याचं बिल आलं तरी वाढतो. ते म्हणतात, हजारो उत्तरांत अशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात. काही चुका खातात. पण सगळ्या विधवा एकाच दिशेनं चुकत असतील तर हजार काय, लाख विधवा विचारल्या तरी चूक तेवढीच राहते, फक्त आत्मविश्वास वाढतो. ते म्हणतात, नोकरी गेलेला, आजारी, एकटा पडलेला माणूस शिडीवर खाली दिसतोच ना? दिसतो. पण नोकरी गेली हे कळायला शिडी कशाला, नोकरी आहे का हे विचारता येतं की.

त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा असा: आई सुखी आहे की नाही हे आईला विचारायचं नाही, तर काय तुम्ही ठरवणार? इथं मी थांबतो. कारण हे खरंच आहे की माणसाचं आयुष्य बाहेरून बघून त्याला मार्क देण्याचा हक्क कुणालाच नाही. आईचा आठ पूर्ण खोटा नव्हता. तिला तिच्या गाईंचा अभिमान आहे, कुणाचं एक रुपया देणं नाही याचा अभिमान आहे. कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत आणि फुटपाथवर राहणाऱ्या ८३ लोकांशी दोन संशोधक बोलले होते, २००१ साली त्यांचा अभ्यास छापून आला. घर-उत्पन्न हलाखीचं असलं तरी कुटुंबाबद्दल, स्वतःच्या चारित्र्याबद्दल ते लोक समाधानी होते. मला हे पटतं. गरिबाला फक्त दुःखी समजणं हाही त्याचा अपमानच आहे.

म्हणून आईला विचाराच. पण मग चहा घेऊन बसा, तासभर ऐका, आणि उठताना तिला आकडा मागू नका. भूतानच्या प्रश्नावलीत निदान नऊ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक तरी आहेत, झोप किती, कामाचे तास किती असं विचारतात. एका शिडीपेक्षा ते कितीतरी बरं. माझं भांडण मनाबद्दल विचारण्याशी नाही. मन वीस सेकंदांत, अनोळखी माणसापुढं, एका आकड्यात बसवण्याशी आणि मग त्या आकड्यावर देशाचा नंबर लावण्याशी आहे.

इथं मोजणी अशीही झाली

आमचा तालुका पूर्वी भीमथडी म्हणून ओळखला जायचा. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या याच भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दंगल शिरूरपर्यंत, नगरपर्यंत पसरली. सरकारनं चौकशी आयोग नेमला. तो सरकार परकं होतं, त्याचं प्रेम आमच्यावर उतू चाललं नव्हतं. पण आयोगानं शेतकऱ्यांना तुम्ही किती समाधानी आहात असं विचारलं नाही. कर्ज किती, व्याज किती, सारा किती, जमीन कुणाच्या नावावर गेली, हे मोजलं. त्यातून १८७९ चा कायदा आला आणि कर्जरोख्यामागचा खरा हिशोब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. सावकारी त्यानं संपली नाही. पण सावकाराच्या कागदाला पहिल्यांदा प्रश्न विचारता आला.

पुढं पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकला गेले. १९२१ साली त्यांचा अभ्यास छापून आला. जमिनीचे तुकडे किती, विहिरी किती, गुरं किती, घरटी जमाखर्च किती. त्यांनी गाव असं मोजलं की शंभर वर्षांनी वाचतानाही त्या गावात नेमकं काय दुखत होतं ते कळतं. आमच्या टॅबवरून शंभर वर्षांनी काय कळेल? आठ.

मनातलं विचारायचं तरी ते जमिनीवर पाय ठेवून विचारता येतं. २००३ साली देशभर शेतकरी कुटुंबांची सरकारी पाहणी झाली. त्यात विचारलं होतं, दुसरा पर्याय मिळाला तर शेती सोडाल का? ४० टक्के म्हणाले, सोडू. हाही मनाचाच प्रश्न. पण त्याच्या उत्तराला पळवाट नाही. 'शेतकरी ४.१ पायरीवर' या वाक्यावर कुठलाच मंत्री घाम पुसणार नाही. 'दहातले चार शेती सोडायला तयार' यावर पुसावा लागतो.

तर माझ्या गावासाठी माझे प्रश्न असे आहेत. या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती की रात्री? रात्री होती तर उसात पाणी धरायला कोण गेलं, आणि बिबट्याच्या भीतीनं बरोबर कोण गेलं? कालव्याचं पाणी हातापायाला लागल्यावर खाज येते का? मागच्या वर्षी पैशासाठी कुठलं दुखणं पुढं ढकललं? माहेरी शेवटचं कधी गेला होता? रात्री किती वेळा जाग येते, आणि जाग आल्यावर कशाचा हिशोब करता? सुईत दोरा ओवता येतो का?

यांतल्या प्रत्येक उत्तरापुढं कुणाचं तरी काम उभं राहतं. वीज कंपनीचं, पाटबंधाऱ्याचं, दवाखान्याचं. कधी घरातल्या पोराचंही.

तुम्ही हे फोनवर वाचताय. कधीतरी तुमच्याही स्क्रीनवर पाच चेहरे येतील, रडका ते हसरा. ऑफिसकडून येतील, कॉलेजकडून येतील, अॅपकडून येतील. दाबण्याआधी एकदा विचारा: मी रडका दाबला तर तुम्ही काय करणार आहात? उत्तर मिळालं नाही तर दाबू नका.

आईचं ऑपरेशन झाल्यावर मी सुपरवायझरला फोन केला होता. म्हटलं, आमच्या घरच्या फॉर्ममध्ये तब्येतीचं उत्तर चुकीचं गेलंय, शिडीचंही गेलंय, बदलता येईल का? तो बिचारा चांगला माणूस. त्यानं बघून सांगितलं, "नाही रे, डेटा लॉक झालाय."

तेव्हा कुठल्यातरी फाईलमध्ये माझी आई अजूनही आठव्या पायरीवर उभी आहे, दोन्ही डोळ्यांनी धडधाकट. त्या फॉर्मचे साठ रुपयेही वेळेवर जमा झाले.